दोरीच्या अलीकडून

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू पहिल्यांदा शिट्टी घेऊन फुटबॉलच्या मैदानात उतरणार. खेळणारी पोरं अकरा वर्षांखालची आणि पंच सोळा वर्षांची! नियम तुला पाठ आहेत, त्यात मी तोंड घालत नाही. पण त्या पुस्तकात एका प्राण्याबद्दल फारसं काही सापडायचं नाही, तो म्हणजे दोरीला टेकून उभा असलेला बाप. त्याची माहिती मी देतो. माझ्याइतका जाणकार तुला मिळणार नाही, कारण चार वर्षं तो मीच होतो.

तू बारा वर्षांची असतानाचा तो सामना आठवतो? तू गोल केलास आणि पंचाने ऑफसाइड दिला, म्हणजे चेंडू तुझ्याकडे मारला तेव्हा तू समोरच्या बचावफळीच्या पुढे होतीस म्हणून गोल नाकारला. "डोळे घरी ठेवून आलास का रे?" असं मी ओरडलो. पुढचं लिहवत नाही. मिसरूड नुकतं फुटलेला पोरगा होता तो, तुझ्या आजच्या वयाचा. त्याने वळून पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, "बाबा, मी खरंच पुढे होते." मी रेडिओ लावला.

मी उभा होतो मध्यरेषेजवळ आणि तू होतीस मैदानाच्या पलीकडच्या अंगाला. तिथून तिरपं पाहिलं की लांबचा खेळाडू असतो त्याहून मागे दिसतो. दुसरी गफलत याच्या नेमकी उलटी. चेंडू मारला त्या क्षणी पोर कुठे होतं, यावर ऑफसाइड ठरतो. आम्ही आधी चेंडू मारणाऱ्याकडे बघतो आणि मग मान वळवतो. सेकंदाला पाच मीटर धावणारं पोर तेवढ्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात, मीटरभर पुढे गेलेलं असतं. त्यातली सोयीची गफलत आम्ही धरतो, म्हणून आपली पोरं कायम बरोबर आणि त्यांची कायम ऑफसाइड! हे मला कळलं तुझी नियमावली चोरून वाचताना, गेल्या महिन्यात.

सगळ्यात मोठा गलका तू अॅडव्हान्टेज देशील तेव्हा होईल. फाउल झालाय, पण चेंडू आपल्याच संघाकडे आहे म्हणून तू खेळ चालू ठेवलास. ते दोन-तीन सेकंद दोरीवर नुसता कल्लोळ असतो. बापाला तेव्हा पडलेलं आपलं पोर तेवढं दिसतं, बाकी मैदान त्याच्यासाठी नसतंच. फायदा झाला नाही तर तू मागे येऊन फ्री किक देऊ शकतेस, हे त्याच्या गावीही नसतं. "हँड! हँड!" ही दुसरी आरोळी. चेंडू हाताला लागला की गुन्हा झालाच, असं आम्हांला वाटतं. गुन्हा नसेल तर तू शिट्टी न वाजवता पुढे धावत राहा.

आणखी एक. ताकिदीचं पिवळं आणि मैदानाबाहेर काढणारं लाल, ही कार्डं पहिल्यांदा आली 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात. केन अॅस्टन या इंग्लिश पंचाला ती कल्पना रस्त्यावरचा सिग्नल पाहून सुचली, असं सांगतात. 2019 पासून ती कोचलाही दाखवता येतात. बापाला मात्र नाही! म्हणून त्याच्याशी वाद घालायला दोरीकडे जाऊ नकोस. खेळ थांबव, त्या संघाच्या कोचला बोलाव आणि त्यालाच निस्तरू दे. तरी थांबलं नाही तर सामना तहकूब करायचा, अगदी रद्द करायचाही अधिकार तुला आहे. मोठी माणसं समोर आहेत म्हणून संकोच करू नकोस.

एवढं बजावण्याला कारण आहे. 2012 च्या डिसेंबरात नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथे मुलांच्या सामन्यात एक गृहस्थ हौसेने लाइन्समन म्हणून, म्हणजे कडेला झेंडा घेऊन पंचाला मदत करायला, उभे होते. त्यांचा मुलगाच त्या सामन्यात खेळत होता. सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या मुलांनी त्यांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढे सहा किशोरवयीन मुलं दोषी ठरली, आणि त्यांच्याबरोबर एका मुलाचा बाप. त्या बापावर माझी नजर बराच वेळ अडली.

तो मिसरूडवाला पोरगा नंतर शिट्टी घेऊन मला पुन्हा कुठे दिसला नाही. सोडलं असेल, किंवा शिकायला बाहेरगावी गेला असेल. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रविवारी मी आलेलं चालेल का? आलो तर कोपऱ्यातल्या झेंड्यापासून लांब उभा राहीन, तोंडाला कुलूप लावून. नको असेन तर सरळ सांग, मी गाडीतच बसेन.

तुझा,
बाबा

ता. क. जादा शिट्टी आणि दोन पेन्सिली खिशात ठेव. गोल लिहिताना एक हमखास मोडते.