रांगोळीच्या पलीकडं पण बघा

संपादक साहेब,
महिला दिन आला की आमच्या बेळगावात गल्लोगल्ली रांगोळी, पाककला आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा, आता डबा कुणाला नको असतो म्हणा, पण इतिहासाबद्दल एक शब्द नाही. चन्नम्मा सर्कलवरनं रोज जातो आपण, पण १८२४ ला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या इंग्रजांशी झालेल्या लढाईत त्यांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि राणीनं १८२९ ला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच प्राण सोडले हे किती पोरींना ठाऊक आहे? मतदानाचं पण तसंच. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, १९२१ ला तिथं बायकांना मत मिळालं खरं पण मालमत्तेची अट, आणि बाईच्या नावावर असायचं तरी काय हो? पुढं पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवेळी बऱ्याच जणींनी 'अमक्याची बायको, तमक्याची आई' एवढंच लिहून दिलं, स्वतःचं नाव सांगेनात, म्हणून जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतनं काढली. स्वित्झर्लंडमध्ये तर देशाच्या निवडणुकीत मत द्यायला बायकांना १९७१ उजाडलं! मंडळांनी पुढच्या वर्षी निदान एक क्विझ ठेवावी, मराठीत आणि कन्नडमध्ये पण, बक्षीस डबाच द्या हवं तर.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव