रोपं नकोत, विळे आणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै लागला की तुमच्या पेपरात आमच्या डोंगराचा फोटो हमखास येतो. टोप्या घातलेली पंधरा-वीस माणसं, हातात रोपं, मागं बॅनर. यंदाही आला. त्यात उजव्या कडेला घमेलं घेऊन वाकलेला माणूस आहे, तो मी. तोंड दिसत नाही, पण घमेलं माझंच. त्याचा एक कान तुटलेला आहे.

म्हसवडला माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान आहे. आमच्या धंद्याचं गणित जरा उलटं. विहिरी आटल्या की दुकानात गर्दी. पाणी खाली गेलेलं असतं, शेतकरी आशेनं मोटार चालू ठेवतो, ती कोरडी फिरते आणि जळते. एप्रिल-मेमध्ये जळक्या वार्निशचा वास माझ्या अंगाला इतका मुरतो की घरात पोरं जेवायला शेजारी बसत नाहीत. गिऱ्हाइकांना सांगायचो, बाबांनो, मोटार भरण्यापेक्षा डोंगरावरचं पाणी अडवा. सांगून कंटाळलो आणि स्वतःच टिकाव घेतला. सात वर्षं झाली, बहुतेक रविवार डोंगरावरच जातात. त्यामुळे फोटोतल्या मंडळींबद्दल तक्रार करायचा थोडा हक्क मला आहे असं धरून लिहितो.

पहिली गोष्ट पावसाची. महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात. तिथं पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्याकडं पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. आणि तोही जुलैत नाही. जुलैत ढग डोक्यावरून नुसते पळत जातात, वारं मात्र उभं राहू देत नाही. आमचा भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा. जुलैत लावलेलं रोप त्या पावसाची वाट बघत दोन महिने काढतं, आणि बहुतेक काढतच नाही. गेल्या वर्षी आमच्या चरीच्या (पाणी अडवायला उतारावर आडव्या खणलेल्या खाचेच्या) कडेनं साठ रोपं लागली होती. दिवाळीत मोजली तर नऊ. त्यातली चार सुबाभळीची, ते झाड इथलं नव्हेच, ती जगली नसती तरी चाललं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाहुणे येतात ते डोंगर उजाड आहे असं धरूनच येतात. सरकारी कागदावरही असल्या माळाला पडीक म्हणतात. उन्हाळ्यात बघितलं तर कुणालाही तसंच वाटेल. पण ऑक्टोबरात या आणि खाली बसून बघा. कुसळी आहे, पवना आहे, ओढ्याच्या अंगाला मारवेल आहे, मधून तरवड, हिवर, बोर. हे गवतच माती धरतं. मुळांचं जाळं एवढं घट्ट असतं की टिकाव उसळून अंगावर येतो. तिथं खड्डा काढून रोप लावायचं म्हणजे चांगली भरलेली मोटार उकलून नवी तार घालण्यातला प्रकार. गवत गेलं की माती निघाली, आणि निघालेली माती जाते कुठं? माणगंगेतून राजेवाडीच्या तलावात. तो तलाव इंग्रजांनी दुष्काळी काम म्हणून बांधला. आमच्या खापरपणजोबांच्या पिढीनं पोटासाठी तिथं माती वाहिली, आणि आम्ही त्यात डोंगर नेऊन भरतोय.

चर काढायलाच नको असं माझं म्हणणं नाही. मीही काढतो. जिथं गवत मुळातच गेलंय, मुरूम उघडा पडलाय, तिथं चर हवी, ओघळीत अनगड दगडांचे बांध हवेत. पण आधी चालून बघावं लागतं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही आखणी करत होतो. पातळी बघायची आमची ए-फ्रेम म्हणजे तीन काठ्या आणि मधे दोरीला बांधलेला जुन्या मोटारीचा नट. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. मी पाय पुढं टाकणार तेवढ्यात माळटिटवी, ती पिवळ्या गालाची, ओरडत डोक्यावरून फिरायला लागली. खाली बघतो तर पायापासून वीतभर अंतरावर चार अंडी. घरटं कसलं, चार खडे आणि मधे जरासा खोलगट भाग. अंड्यांवरचे ठिपके अगदी मुरमासारखे. मी त्या जागेवरून त्याआधी दोनदा गेलो होतो. चर वाकवता येत नाही, पातळी बिघडते. मग आठ फुटांचा तुकडा सोडून दिला आणि पुढं आखलं. ती फट अजून आहे. त्यातून थोडं पाणी जातं, जाऊ दे.

श्रमदानाचा जोर एप्रिल-मेमध्ये असतो आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचा काळही तोच. जेसीबीच्या पुढं टिटवी कितीही ओरडली तरी ड्रायव्हरला ऐकू येत नाही.

आता वणवा. गवत जाळलं की पुढच्या साली जोमानं येतं, हा समज आमच्याकडं अजून आहे. आग लागली की कुणाला तरी धनगरांवर आळ घालायचा असतो. पण वणवा विझवायला सगळ्यात आधी मेंढक्याच धावतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. मेंढरांचं पोट त्या गवतावर आहे, तो कशाला जाळेल? गेल्या फेब्रुवारीत आम्ही सहा जण आणि दोन मेंढके निर्गुडीच्या फांद्यांनी रात्री अकरापर्यंत झोडपत होतो. अर्धा डोंगर वाचला. त्या रात्री फोटो काढायला कुणाकडं हात मोकळा नव्हता.

वाचवणारी गोष्ट एकच: जाळपट्टा. गवत वाळून कडक व्हायच्या आत पायथ्यानं आणि वाटांच्या कडेनं दहा-बारा फूट रुंदीचं गवत कापून काढायचं, म्हणजे आग तिथं अडते. कंटाळवाणं काम आहे. कंबर मोडते, बॅनर लावायला जागा नाही, आणि काम नीट झालं तर काहीच घडत नाही.

म्हणून विनंती. फोटो छापा, पण रोपांच्या बातमीसोबत मागच्या वर्षीची किती जगली हेही विचारून छापा. आणि ज्यांना खरंच यायचंय त्यांनी सिद्धनाथाचा रथ झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला माझ्या दुकानापाशी यावं. सोबत विळा आणावा, आमच्याकडं पाचच आहेत. पायात बूट हवेत, आणि लोकरी मोजे घालू नयेत. कुसळं अडकली की ती काढण्यात सगळा दिवस जातो.

आपला,
एक मोटार रिवाइंडर, म्हसवड (ता. माण, जि. सातारा)