करकपात कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील करकपातींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. १९६४ साली प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९१ वरून ७० टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला, त्याचं सगळं श्रेय लेखकाने राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि जॉन्सन यांना दिलंय. विल्बर मिल्स यांचं नावसुद्धा नाही, हे खटकलं.

अर्कान्सातल्या केन्सेट या लहानशा गावचे मिल्स १९३९ ते १९७७ अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात होते. तिथे करविधेयक आकार घेतं ते ‘वेज अँड मीन्स’ समितीत, आणि तिचं अध्यक्षपद यांच्याकडे जवळपास सतरा वर्षं. पोटसमित्या त्यांनी ठेवल्याच नाहीत. विधेयक सभागृहात जायचं तेही बहुधा एकाच अटीवर: दुरुस्त्या नकोत, हो की नाही तेवढं सांगा.

व्हिएतनामचा खर्च भागवायला जॉन्सननी १९६७ मध्ये प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार मागितला. मिल्स त्यांच्याच पक्षाचे, तरी अडून बसले: आधी सरकारी खर्च कमी करा. जून १९६८ मध्ये ६०० कोटी डॉलरची खर्चकपात कायद्यात लिहून घेतली, तेव्हा कुठे अधिभार मिळाला! मी तीस वर्षं लोकांची विवरणपत्रं भरतोय. आपल्याकडे अधिभार बजेटच्या भाषणात येतो आणि मुकाट्याने रकान्यात जाऊन बसतो. त्यापायी अर्थमंत्र्यांना असं ताटकळत ठेवणारा समितीचा अध्यक्ष मला तरी आठवत नाही.

अर्थात एकाच्या मुठीत एवढं असणं धोक्याचंच. वृद्धांच्या आरोग्यविम्याचं विधेयक याच मिल्सनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलं. १९६४ च्या निवडणुकीत वारं फिरलं, तशी १९६५ मध्ये तीन योजनांची मोट बांधून मेडिकेअर, म्हणजे हाच वृद्धांचा आरोग्यविमा, पुढे रेटला तोही त्यांनीच.

शेवट वाईट झाला. ऑक्टोबर १९७४ मध्ये रात्री दोनच्या सुमारास, दिवे न लावता जाणारी त्यांची गाडी वॉशिंग्टनच्या टायडल बेसिन या जलाशयाजवळ पोलिसांनी अडवली. सोबतच्या नर्तकीने गाडीतून उतरून थेट पाण्यात उडी घेतली. मिल्स प्यायलेले होते. महिन्याभरात मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, पण डिसेंबरात समितीचं अध्यक्षपद सोडावं लागलं. समितीही २५ वरून ३७ जणांची झाली, पोटसमित्या आल्या. दारू मात्र त्यांनी सोडली, आणि पुढे व्यसनमुक्तीचं काम केलं.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर लेखकाने व्हाइट हाउसबरोबर या समितीच्या खोलीतही डोकवावं, एवढी विनंती.

आपला,
एक कर सल्लागार, सांगली