दोन-तीन आठवड्यांचे एकोणतीस आठवडे झाले : पेट्रोलियम मंत्र्यांना परभणीहून खुले पत्र

परभणी, 30 ऑक्टोबर 2025

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : 7 एप्रिल रोजी वाढवलेल्या 50 रुपयांच्या आढाव्याबाबत

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

7 एप्रिलला आपण घरगुती गॅस सिलिंडर 50 रुपयांनी महाग झाल्याचे सांगितलेत. दिल्लीत 803 चा 853 झाला, उज्ज्वलावाल्यांचा 503 चा 553. त्याच वेळी आपण असेही म्हणालात की या दरवाढीचा दर दोन-तीन आठवड्यांनी आढावा घेतला जाईल. मी ते मोबाइलवर दोनदा ऐकले आणि माझ्या हिशेबाच्या वहीत तारीख टाकून लिहून ठेवले. आज ऑक्टोबर संपत आला, एकोणतीस आठवडे झाले. आढावा झाला का, झाला असेल तर काय ठरले, हे विचारण्यासाठी हे पत्र.

पन्नास रुपयांसाठी एवढे पत्र कशाला, असे वाटेल. म्हणून थोडे माझ्याविषयी सांगते. मी कृषी विद्यापीठाच्या बाजूला राहते आणि बाहेरगावच्या मुलांचे डबे करते. बावीस डबे, दोन वेळचे. घरचा स्वयंपाक 14.2 किलोच्या सिलिंडरवर आणि डबे 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर. घरचा सिलिंडर धंद्याला लावायचा नाही, हा नियम मी पाळते. महिन्याला तीन व्यावसायिक टाक्या लागतात. 22 सप्टेंबरला जीएसटी कमी झाला तेव्हा मला वाटले, आता आपल्याला थोडा श्वास मिळेल. गॅस एजन्सीत विचारले तर तिथल्या मुलाने मान हलवली. घरगुतीवर 5 टक्के आणि व्यावसायिकवर 18 टक्के, जे होते तेच राहिले. मोठ्या हॉटेलवाल्याला आणि बावीस डबे करणाऱ्या बाईला एकच दर. त्यात 1 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, व्यावसायिक सिलिंडर साडेपंधरा रुपयांनी वाढला.

मी बी.कॉम. आहे आणि आकड्यांना घाबरत नाही. माझी मुलगी आपल्याच खात्याच्या पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाचे महिन्याचे तक्ते मोबाइलवर उतरवून देते आणि रात्री भांडी झाली की आम्ही दोघी ते वाचतो. एप्रिलच्या दरवाढीचे कारण आपण असे दिले होते की सौदीचा गॅसचा दर जुलै 2023 मध्ये टनाला 385 डॉलर होता, तो फेब्रुवारी 2025 मध्ये 629 झाला. मान्य. आपल्या देशाला लागणाऱ्या गॅसपैकी साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो, तिकडचा भाव वाढला की इकडे चटका बसणार. पण तोच सौदीचा दर या ऑक्टोबरमध्ये पाचशेच्या खाली आला. व्यावसायिक सिलिंडर दिल्लीत एप्रिलमध्ये 1762 होता, तो सप्टेंबरमध्ये 1580 झाला. म्हणजे तिकडचा भाव उतरला हे आपल्या सरकारी तेल कंपन्यांना माहीत आहे. त्याच जहाजातून आलेला तोच गॅस लहान टाकीत भरला की स्वस्त का होत नाही? कंपन्यांचा जुना तोटा भरून काढायचा आहे, असे उत्तर येते. मग 8 ऑगस्टला मंत्रिमंडळाने कंपन्यांना त्याच तोट्यापोटी 30,000 कोटी रुपये मंजूर केले, ते कशासाठी? ते पैसे आमच्याच कराचे आहेत. एकाच तोट्याची भरपाई आमच्याकडून किती वेळा घेणार?

आता सबसिडीचे. हे लिहिताना माझा हात थरथरतो, पण लिहिते.

27 मार्च 2015 ला दिल्लीत ऊर्जा संगम ही तेल-गॅसची परिषद झाली. तिथे पंतप्रधानांनी ज्यांना परवडते त्यांनी सबसिडी सोडावी असे आवाहन केले. माझे यजमान शाळेत गणित शिकवायचे. नोकरीला 2007 मध्ये लागलेले, त्यामुळे जुनी पेन्शन नाही, पण पगार नियमित होता. ते म्हणाले, पगारदार माणसाने घ्यायची नसते, आपल्या वाटचा गॅस एखाद्या चूल फुंकणाऱ्या बाईला मिळू दे. त्यांनी त्याच महिन्यात सबसिडी सोडली. आभाराचा मेसेज आला, तो त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला. एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, ते गेले. बेड मिळेपर्यंत ऑक्सिजन उतरला होता. ते एक्केचाळीस वर्षांचे होते.

त्यानंतर मी सबसिडी परत सुरू करण्याचा अर्ज केला. वर्षभर थांबले. खात्यात काही येत नाही म्हणून पुन्हा गेले, तेव्हा कळले की सबसिडी तर आमच्यासारख्या साध्या ग्राहकांत कुणालाच येत नाही. मे 2020 मध्ये दिल्लीत सिलिंडर 581 रुपये 50 पैशांवर आला, सबसिडीचा आणि बाजाराचा भाव एक झाला म्हणून सबसिडी शून्य केली गेली. ठीक. पण पुढे भाव चढत गेला, मार्च 2023 मध्ये 1103 झाला आणि शून्याचे शून्यच राहिले. बंद केल्याची घोषणा कुणी केली नाही. ज्यांनी मनाने सोडली आणि ज्यांनी सोडली नाही, सगळे एका रांगेत आले. माझ्या नवऱ्याच्या त्या सोडण्याचे काय झाले, मंत्रिमहोदय? त्यांनी मोठ्या अभिमानाने दिलेली गोष्ट तुम्ही बाकीच्यांकडून न विचारता काढून घेतलीत.

ज्या बाईसाठी आम्ही सोडली, तिचीही हकिकत ऐका. माझ्याकडे पोळ्या लाटायला मावशी येतात, जवळच्या खेड्यातून. त्यांच्याकडे उज्ज्वलाचे कनेक्शन आहे. 1 मे 2016 ला उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झालेल्या या योजनेची दहा कोटींहून जास्त कनेक्शने झाली, हे खरे मोठे काम आहे आणि मी ते नाकारत नाही. पण उज्ज्वलावाली बाई वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपास टाक्या भरते, हा सरकारचाच आकडा आहे. उरलेले दिवस ती कशावर रांधते? मावशी म्हणतात, "ताई, गॅस पाव्हणे आल्यावर. बाकी पऱ्हाट्या हायेत की." कापूस निघाल्यावरच्या पऱ्हाट्या! त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळते ते धुराचे आहे. आणि ऑगस्टमध्ये सबसिडीच्या टाक्या वर्षाला बारावरून नऊ केल्या. साडेचारसुद्धा परवडत नाहीत, तर नवापर्यंत ती पोचणार कशी, याचा विचार आधी व्हायला हवा होता.

त्याच ऊर्जा संगमात आणखी एक शब्द दिला गेला होता. देश तेव्हा 77 टक्क्यांच्या आसपास कच्चे तेल बाहेरून आणत होता. 2022 पर्यंत, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला, ते अवलंबित्व 10 टक्क्यांनी कमी करू, असे सांगितले होते. 2022 येऊन गेले. 2024-25 चा आकडा 88 टक्क्यांच्या वर आहे. दहा टक्के कमी व्हायचे ते उलट दहा टक्क्यांहून जास्त वाढले. 2013-14 मध्ये आपण 3 कोटी 78 लाख टन तेल आपल्या जमिनीतून आणि समुद्रातून काढत होतो, आता 2 कोटी 87 लाख टन. वापर 15 कोटी 84 लाख टनांवरून 24 कोटींच्या आसपास गेला. शाळेत आम्हाला सागर सम्राट जहाज आणि 1974 चा समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राचा शोध शिकवला होता, बाईंनी फळ्यावर मुंबईपासून समुद्रात रेघ ओढून दाखवली होती. त्या विहिरी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांची उणीव भरून काढेल असे मोठे नवे काही हाती लागलेले नाही. वापर वाढला म्हणून मी दोष देत नाही, देश वाढला की वापर वाढणारच. पण दिलेला शब्द पुरा झाला नाही एवढे तरी कुणीतरी एकदा उभे राहून सांगायला हवे होते. माझ्या डब्यात एक दिवस भात कच्चा राहिला तर मला बावीस मुलांना तोंड द्यावे लागते.

पेट्रोलचे तर बोलूच नये. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठे, तर परभणीत, ही आमची देशभर झालेली ओळख. मनमाडजवळच्या डेपोतून तीनशेच्या आसपास किलोमीटर टँकर येतो, त्याचे भाडे आमच्या लिटरवर. मुंबईत साध्या पेट्रोलने 29 मे 2021 ला शंभरी ओलांडली, आमच्याकडे त्याच्या आधीच. डबे पोचवायला मी यजमानांची स्कूटर चालवते. तेव्हा नुकतीच शिकले होते. रोज चौदा किलोमीटर, पावसात, खड्ड्यांतून. आज लिटर एकशे सहाच्या घरात आहे.

जून 2017 पासून भाव रोज ठरतात म्हणे. मे 2022 ते मार्च 2024, जवळजवळ दोन वर्षे, तो रोजचा भाव कंपन्यांनी हलवला नाही. त्या काळात तेल चढले, उतरले, रशियाचे सवलतीचे तेल आले, आधी दोन टक्केही नव्हते ते आयातीच्या एक तृतीयांशावर गेले. 2023-24 मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून सुमारे 81 हजार कोटींचा नफा झाला. निवडणुकीच्या तोंडावर, 15 मार्च 2024 ला, आम्हाला त्यातले लिटरमागे दोन रुपये मिळाले. या एप्रिलमध्ये आपण म्हणालात की कंपन्यांकडे पंचेचाळीस दिवसांचा साठा पिंपाला 75 डॉलरच्या भावाचा आहे, तो संपला की भाव जुळवून घेतले जातील. मे महिन्यात आपल्या आयातीच्या तेलाचा सरासरी भाव 64 डॉलर होता, आता ऑक्टोबरमध्ये 65 च्या आसपास आहे. पंचेचाळीस दिवस चार वेळा उलटले. पंपावर एक रुपयाही उतरला नाही.

उतरेल कसा? 2014 मध्ये केंद्राचा उत्पादन शुल्काचा वाटा पेट्रोलवर लिटरला 9 रुपये 48 पैसे होता. मे 2020 मध्ये, तेल मातीमोल झाले आणि आम्ही घरात कोंडलेले होतो तेव्हा, तो 32 रुपये 98 पैसे केला. नंतर दोनदा कमी केला, या एप्रिलमध्ये पुन्हा दोन रुपयांनी वाढवला, आज 21 रुपये 90 पैसे. यातला मूळ उत्पादन शुल्काचा भाग 1 रुपया 40 पैसे, राज्यांना वाटून द्यायचे ते तेवढ्यातून. बाकी सगळे उपकर आणि अधिभार, ते दिल्लीतच राहतात. आणि राज्य तरी काय करते? 2015 मध्ये आमच्याच मराठवाड्यात दुष्काळ पडला म्हणून पेट्रोल-डिझेलवर दोन रुपये लावले. 2017 मध्ये महामार्गावरची दारूची दुकाने बंद झाली, महसूल बुडाला, तर पेट्रोलवर तीन रुपये लावले. दारू पिणाऱ्याचा कर शाळेत जाणाऱ्या मास्तरच्या स्कूटरवर! कोणताही पक्ष असो, राज्याचा असो की केंद्राचा, तिजोरीत खड्डा पडला की नळी आमच्याच टाकीत घालतात. केंद्र म्हणते राज्याने व्हॅट कमी करावा, राज्य म्हणते केंद्राने शुल्क कमी करावे. आम्ही मध्ये उभे.

या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी झाली ते आपण पाहिलेच असेल. सोयाबीन पाण्यात गेले. माझ्याकडे जेवणारी बहुतेक पोरे शेतकऱ्यांची. सात जणांचे पैसे दोन महिन्यांपासून यायचे आहेत आणि मी मागत नाही, कारण घरी काय अवस्था आहे ते त्यांच्या तोंडावर दिसते. दिवाळीनंतर मला डबा महिन्याला 2400 चा 2600 करावा लागला. चार मुलांनी एक वेळचा बंद केला. त्यातला एक स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. म्हणाला, "काकू, दुपारचं राहू द्या, मी दुपारी झोपतोच." तो झोपत नाही. अभ्यासिकेत बसलेला असतो, मी स्कूटरवरून जाताना त्याची सायकल बाहेर पाहते. सहा महिन्यांत तो आधीच अर्धा झाला होता. तुमच्या तक्त्यांत देशाचा दरडोई ऊर्जा वापर वाढला असे दिसते, त्यात या पोराची दुपार कुठे लिहिलेली आहे?

मी ऑनलाइन तक्रारही केली होती, जूनमध्ये. आठ दिवसांत उत्तर आले : किमती आंतरराष्ट्रीय बाजारावर अवलंबून असतात, तक्रार निकाली. उत्तर देणाऱ्याने माझा प्रश्न वाचलाच नव्हता. मी किमती कशावर अवलंबून असतात ते विचारले नव्हते. मी विचारले होते, आढावा कधी झाला. या देशात कागद निकाली निघतो, माणूस तिथेच राहतो, आणि वरच्या प्रत्येक खुर्चीला वाटते की काम झाले.

तर मला हवे ते एवढे. एप्रिलचे 50 रुपये कमी करा, कारण ज्या कारणाने वाढवले ते कारण उरलेले नाही. वर्षाला ठरावीक उलाढालीखालच्या घरगुती खानावळींना आणि डबे करणाऱ्या बायकांना व्यावसायिक सिलिंडर 5 टक्के जीएसटीने मिळण्यासाठी जीएसटी परिषदेकडे आपल्या खात्याने शब्द टाकावा, आम्हाला त्या 18 टक्क्यांची वजावट कुठेच मिळत नाही. गॅसच्या पावतीवर आणि पंपावर, कराचा वाटा किती आणि तेलाचा किती, ते मराठीत छापा. मावशींना वाचता येत नाही, पण त्यांच्या नातीला येते.

उत्तर मराठीत किंवा हिंदीत चालेल. तक्रार निकाली असे कृपया लिहू नये. हेच पत्र आज स्पीड पोस्टानेही पाठवले आहे आणि पावती हिशेबाच्या वहीत लावून ठेवली आहे.

आपली,
डबे करणारी एक बाई
परभणी