कागदाची वाट पाहू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका बेदाण्याच्या अडत दुकानात मी हिशेब लिहिते. सौदा, पट्टी (म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब), हमाली, तोलाई, चुकारा यातच माझी सतरा वर्षं गेली. मार्च 2023 मध्ये मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं लक्षात ठेवून वेळेवर करणं अवघड जाण्याचा जन्मजात त्रास, असल्याचं सांगितलं, तेव्हा मी 39 वर्षांची होते. घरात कोणाला पटेना. 'हे लहान मुलांना असतं,' असंच सगळ्यांचं म्हणणं. लहानपणचा हा त्रास अनेकांना मोठेपणीही सोडत नाही. त्यातून वर्गात दंगा न करता गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी असेल, तर तिच्याकडे लक्ष जाणार कोणाचं? माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी एकच शेरा असायचा: हुशार आहे, लक्ष देत नाही.

रोजच्या जगण्यात याने काय फरक पडतो, असं डॉक्टरांनी विचारलं. मला तोंडी सांगता येईना. घरी येऊन पर्स, डबे, कपाटाचे खण उपसले, सापडतील त्या पावत्या काढल्या आणि 2022-23 या एका वर्षाचं पान वहीत मांडलं. आधार-पॅन जोडणीची 500 रुपयांची मुदत 30 जूनला संपली, मी ऑगस्टमध्ये 1,000 भरले. स्कूटीचा विमा संपलेला लक्षात नाही, चौकात अडवलं, 2,000 दंड. हरवलेला चष्मा 1,800. पुण्याचं तिकीट चुकीच्या तारखेचं काढलं, 640. मुलीची तीच वह्या-पुस्तकं दुसऱ्यांदा आणली, 460. वीज आणि फोनच्या बिलांचा उशिराचा आकार 500. बस चुकली म्हणून केलेल्या रिक्षा, आठवतात तेवढ्या, 2,900. बेरीज 9,300. तेव्हा माझा पगार 16,000 होता. फ्रिजमध्ये नासलेली भाजी यात धरलेली नाही.

पैशांचं नुकसान मांडता तरी येतं. जे मांडता येत नाही ते असं. आधीच्या दुकानात मार्चच्या आवकेत एक दिवस एकीकडे सौदा चाललेला, दारात टेम्पो, दोन फोन वाजताहेत आणि माझ्यासमोर जतकडच्या एका शेतकऱ्याची पट्टी. 124 बॉक्स होते, मी लिहिले 142. पट्टी झाली, पैसेही गेले. संध्याकाळी ताळमेळात 40,500 चा फरक आला. फरकाला 9 ने भाग गेला की आकडे उलटे पडलेत, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. भाग गेला आणि माझे हात गार पडले. तो शेतकरी भला माणूस, दुसऱ्या दिवशी एसटीने येऊन रक्कम स्वतः परत देऊन गेला. पण हमालांसमोर, गिऱ्हाइकांसमोर मला जे ऐकावं लागलं, त्यानंतर तिथे बसवेना. पुढे वर्षभर मी प्रत्येक पट्टी तीन-तीनदा तपासत होते. सहाला सुटणारी बाई आठला घरी पोहोचायची आणि स्वयंपाकघरात उभी राहिली की गॅस कशासाठी पेटवला तेच आठवायचं नाही. या दोन तासांची नोंद कोणत्या खतावणीत करायची?

गोळ्यांनी मला फरक पडला. मात्र मिथाइलफेनिडेट हे त्यातलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही (आणि तसंच असायला हवं) आणि चिठ्ठी असली तरी प्रत्येक मेडिकलमध्ये नसते. तारीख लक्षात ठेवा, चिठ्ठी सांभाळा, संपायच्या आधी मिरज गाठा. ज्याला नेमकं हेच जमत नाही, त्यालाच हे सगळं करावं लागतं. माझ्यासाठी माझी बहीण हे करते. ज्यांना अशी बहीण नाही त्यांचा विचार मनात येतो.

खरा फरक पडला तो आताच्या दुकानात. धीर करून मी मालकांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ताई, काय केलं तर बरं पडेल ते सांगा." माझं टेबल दारासमोरून हलवून आत भिंतीकडे तोंड करून लावलं. दर ओरडून न सांगता व्हॉट्सअॅपवर लिहून येऊ लागले. बारा ते दोन मी पट्ट्या करते, त्या वेळी फोन दुसरे दिवाणजी घेतात. संध्याकाळी ते आकडे मोठ्याने वाचतात आणि मी टिक करते. भिंतीवर एक पांढरा फळा आला, 350 रुपयांचा. एवढाच काय तो खर्च. 'यांनाच का?' असं सुरुवातीला दिवाणजींनीही विचारलं होतं, ते मी लपवत नाही. मग त्या वाचनात त्यांच्याही दोन चुका सापडल्या आणि आता वाचायची आठवण तेच करतात. गेल्या हंगामात आमच्याकडची एकही पट्टी दुरुस्तीला परत आली नाही. मी साडेसहाला घरी असते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार दिले आहेत. अध्ययन अक्षमता त्यात आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. तोच कायदा सांगतो की दिव्यांग व्यक्तीला वाजवी सोय, म्हणजे गरजेप्रमाणे करून दिलेला बदल, नाकारणं हा भेदभाव आहे. पण नुसतं एडीएचडी असलेल्याने दाखला मागायचा कोणत्या रकान्यात? अध्ययन अक्षमतेचा दाखला असलेल्या मुलाला दहावीला जादा वेळ मिळतो. माझा भाचा नववीत आहे, त्याला फक्त एडीएचडी आहे. त्याला पहिल्या बाकावर बसवावं आणि गृहपाठ तोंडी न सांगता डायरीत लिहून द्यावा, एवढंच आम्ही शाळेत मागितलं होतं. 'आधी कागद आणा,' असं उत्तर मिळालं.

कायद्याच्या यादीत हे नाव यायला हवं, ती मागणी आहेच. पण बाक पुढे घ्यायला किंवा टेबल फिरवायला कायदा कुठे आडवा येतो? सांगली-मिरजेतल्या मुख्याध्यापकांना, अडत्यांना, कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की दाखल्यासाठी थांबू नका, समोरच्या माणसाला विचारा.

वहीतलं ते पान कोणाला पाहायचं असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी झेरॉक्स पाठवीन. मुलीच्या शाळेचा विचार करून नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक हिशेबनीस,
विश्रामबाग, सांगली