टर्बो चांगला होता, वाट बंद होती: मिस्त्रीमामांना आभाराचं पत्र

मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

काम झालं त्या दिवशी पैसे दिले, हात जोडले आणि निघालो. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. तुम्ही जे केलंत ते साताऱ्यातल्या आणखी चार गाडीवाल्यांना कळावं म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

माझी डिझेल गाडी टूरिस्ट परवान्यावर चालते. फुलांच्या हंगामात कास, एरवी महाबळेश्वर आणि पुण्याची भाडी. यवतेश्वरचा घाट चढून वर थांबलो, थोडा वेळ इंजिन चालूच ठेवलं, की पुढच्या रेसला सायलेन्सरमधून निळा धूर निघायचा. ऑइलची पातळी मोजायच्या काडीवर बघावं तर ऑइल उतरलेलं. एका गॅरेजात टर्बो, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा, गेला म्हणून सांगितलं आणि बदलला. थोड्याच दिवसांत नव्या टर्बोतूनही तेच. मग हा पीसच खराब निघाला, दुसरा टाकू, अशी भाषा सुरू झाली. टर्बोची किंमत आणि गाडी उभी राहिल्यावर बुडणारी भाडी, धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी प्रश्न विचारलेत. धूर चढावर ओढताना येतो, की गाडी उभी राहून पुन्हा रेस दिल्यावर? मी दुसरं म्हणालो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग ऑइल आत साचतंय. का साचतंय ते बघू, टर्बो नंतर."

मग एकेक गोष्ट तपासत गेलात. एअर फिल्टर आधी, कारण तो चोंदला असेल तर टर्बोचा पंखा हवेबरोबर ऑइलही ओढून घेतो. तो स्वच्छ होता. काडीवरची पातळी वरच्या खुणेच्या पुढे नव्हती. टर्बोची हवेची नळी काढून शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, बोटानं हलवून बघितला, पंखा कुठं घासत नव्हता. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल केलंत, तेव्हा मात्र आतली हवा फसफसत वर आली. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या कडेनं दाब खाली गळतोय! माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं, आता इंजिनच उघडावं लागणार. तुम्ही शांतपणे म्हणालात, "पिस्टनवर आळ घ्यायच्या आधी ब्रीदर बघू." ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारा, पाइप काळ्या चिकट गाळानं भरला होता. तो साफ केल्यावर झाकणाखालचा जोर बसला.

तरीही तुम्ही थांबला नाहीत, ह्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे. गाडी वर घेऊन टर्बोखालचा, ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत, नेणारा पाइप काढलात आणि माझ्या हातात दिलात. तोंडाशी जोड चिकटवायचं सिलिकॉन आत दाबलं जाऊन वाळलं होतं आणि त्याच्या मागं कार्बनचा थर. बोट जावं त्या वाटेतून पेन्सिलसुद्धा जाईना. टर्बो बदलताना जोडातल्या पातळ पट्टीला, म्हणजे गॅस्केटला, सिलिकॉन थापलं होतं आणि पाइप जुनाच परत बसवला होता.

कारण तुम्ही मला समजावून सांगितलंत, ते इतरांसाठी लिहितो. टर्बोचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याच्या बेअरिंगला ऑइल पंपाच्या दाबानं येतं, म्हणून येणारी नळी बारीक असली तरी चालतं. परत जाताना मात्र दाब नसतो. हवा मिसळून फेसाळलेलं ऑइल नुसत्या वजनानं खाली उतरायचं असतं. त्यासाठी पाइप रुंद हवा, सरळ खाली जाणारा हवा, कुठं चेपलेला किंवा वर वळलेला नको. चेंबरमध्ये ऑइल जास्त भरलं किंवा ब्रीदर तुंबून आत हवेचा दाब वाढला, तरी ते ऑइल उतरत नाही. आणि टर्बोचं सील म्हणजे रबरी सील नव्हे, ती स्टीलची बारीक रिंग. आत ऑइल तुंबलं की ती अडवू शकत नाही. मग ऑइल एका बाजूनं सायलेन्सरकडे आणि दुसऱ्या बाजूनं इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोतली तापलेली हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणाऱ्या जाळीकडे, जातं. मोरी तुंबली असताना नळ बदलून काय होणार, हे तुमचं वाक्य मी आता स्टँडवर सगळ्यांना सांगतो.

इंटरकूलर उतरवून त्यातलं ऑइल ओतून काढलंत, तेव्हा ते बघून मी घाबरलो. ते इंजिनानं ओढलं असतं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, असं तुम्ही सांगितलंत. घाटात मागं सवारी बसलेली असताना असं झालं असतं तर? ह्या एका गोष्टीसाठी तुमचे कितीही आभार मानले तरी कमीच.

नवा पाइप, सिलिकॉनशिवाय कोरडं गॅस्केट, नवीन ऑइल आणि फिल्टर. इंजिन सुरू करायच्या आधी टर्बोत वरून थोडं ऑइल ओतलंत, पहिल्या फेऱ्यांना बेअरिंग कोरडं राहू नये म्हणून. मग मला घाटात पाठवलंत. वर जाऊन गाडी तशीच चालू ठेवली आणि रेस दिली. धूर नाही. त्यानंतर काडीवरची खूण हललेली नाही.

टर्बो तोच आहे. तुम्ही सहज दुसरा विकू शकला असता आणि मी घेतलाही असता.

घाट चढून आल्यावर लगेच चावी न फिरवता मिनिटभर इंजिन चालू ठेवायची तुमची सूचना पाळतोय. इंजिन बंद झालं की ऑइल थांबतं आणि तापलेल्या टर्बोत राहिलेलं तिथंच करपून कार्बन होतं, हे पाइपमधला थर बघितल्यावर मला वेगळं पटवावं लागलं नाही. स्टँडवरच्या पोरांनाही ही सवय लावतोय. कुणाला टर्बो बदलायला सांगितलं असेल, तर आधी परतीचा पाइप आणि ब्रीदर उघडून दाखवा म्हणावं, असं मी सांगत असतो. त्यातले दोघे तुमच्याकडं येणार आहेत, त्यांनाही तेवढाच वेळ द्या.

पुढच्या ऑइल बदलीला दिवाळीआधी येतो. मामींना नमस्कार सांगा.

आपला,
पोवई नाक्यावरचा एक टॅक्सीवाला