भिंतीचा फोटो

न्यू जर्सी,
३१ मे

ती. बाबा आणि सौ. आई यांना सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलास का" विचारते आणि विषय भलतीकडे जातो, म्हणून लिहायला बसलो. नातीचा प्रकल्प पार पडला. गुरुवारी शाळेच्या जिममध्ये मांडणी होती. 'कॅपस्टोन' म्हणतात त्याला: बारावीच्या पोरांनी वर्षभर एकच प्रश्न धरून बसायचं. हिनं ओढ्यावरच्या पादचारी पुलाला यंत्र लावून पाणी किती चढतं ते मोजलं.

आई, ती एकटी जात नव्हती. दर खेपेला आमच्यापैकी कुणीतरी बरोबर असायचं. लेखी परवानगी होती, आणि तो ओढा आपल्या कृष्णेपुढे पाटच. बाबा, बोर्डाची परीक्षा बुडवून तिनं हे केलेलं नाही. इथे बोर्डच नसतं, हे मी आधीही सांगितलंय.

यंत्र साधं आहे. वरून आवाज सोडायचा, तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. मार्चमध्ये रोज रात्री ओढा दोन-अडीच इंच उतरायचा आणि दुपारी पुन्हा चढायचा. पाऊस नाही, काही नाही. फूटपट्टी लावून पाहिलं तर पाणी जागच्या जागी. तुम्ही एव्हाना ओळखलंच असेल. आवाजाचा वेग वीस अंशाला सेकंदाला ३४३ मीटर, शून्याला ३३१. हिनं प्रोग्राममध्ये ३४३ कायमचा ठोकून ठेवलेला. थंडीत आवाज रेंगाळायचा आणि यंत्राला वाटायचं पाणी खाली गेलं. मग शेजारी तापमान मोजणारं एक बारकं यंत्र बसवलं.

आता या लोकांची एक तऱ्हा सांगतो, मला ती अजून पचलेली नाही. प्रकल्पाची वही पेनानंच लिहायची. चुकलं तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडायचं तर नाहीच. पानांना आधीच आकडे घातलेले असतात. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, तीसुद्धा अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही-तारीख. आम्ही अकरावी-बारावीत उत्तर आधी ठरवून मग रीडिंग जमवायचो. तुमच्या हातून जर्नल सर्टिफाय व्हायचं तर एक खाडाखोड चालत नव्हती. माझी चार पानं तुम्ही परत लिहायला लावली होती, आठवतं? इथे मात्र परीक्षक बाईंनी नेमकी मार्चचीच पानं उघडली, ती खोटी रीडिंगं बोट ठेवून वाचली आणि म्हणाल्या, "हे सगळ्यात छान." मी मागे उभा होतो. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

पण खरी गोष्ट पुढेच. इथे तीन घड्यांच्या उभ्या पुठ्ठ्यावर सगळं चिकटवतात (हा पुठ्ठा औषधाच्या दुकानात मिळतो, का ते विचारू नका). मला वाटत होतं तिनं विषय इथल्या पुरावरून घेतला. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसानं शेजारचं मॅनव्हिल बुडालं होतं. तेही दोन नद्यांच्या संगमावर आहे, रॅरिटन आणि मिलस्टोन, आपल्या हरिपूरसारखं. पुठ्ठ्यावर पाहतो तर पहिल्याच घडीत आपली सांगलीच्या गावभागातली भिंत! दिवाळीत तिनं फोटो मागितला तेव्हा तुम्हाला वाटलं होतं ती चिरा बघतेय. तुमच्या निळ्या खडूची खूण, '२०१९', आणि खाली तिचं वाक्य: आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तुम्ही विश्रामबागेत ताईकडे पोचलात की नाही ते कळेपर्यंत मी दोन रात्री स्वयंपाकघरात फोन धरून बसलो होतो. मला वाटलं होतं ती झोपलीय.

असो. रटगर्सला प्रवेश नक्की झाला, राज्यातलंच विद्यापीठ असल्यानं फी त्यातल्या त्यात आवाक्यात आहे. तरी पहिला हप्ता ऑगस्टमध्ये, म्हणून भाचीच्या लग्नाला डिसेंबरात चौघांची तिकिटं जमतील असं वाटत नाही. मी एकटा यायचं बघतो. नक्की म्हणत नाही, ताईला तुम्हीच जरा सांगा, मी सांगितलं की ती काही बोलत नाही आणि मग मला जास्त लागतं. आहेराचे वेगळे पाठवीन.

घराच्या रंगासाठी सोमवारी पैसे टाकलेत, पावसाआधी उरकून घ्या. गच्चीची गळती आधी, मग रंग. कमी पडले तर कळवा, लपवू नका. आणि रंगाऱ्याला सांगा, जिन्याखालची तेवढी खूण राहू दे. वीतभर जागा. नातीचा निरोप आहे, माझा नाही.

आईची साखर तपासलीत का?

तुमचा,
धाकटा